देणाऱ्याला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे

शस्त्रक्रिया ही रोग्याच्या हितासाठी असते, असे आपण गृहीत धरतो. मूत्रपिंडदानाची शस्त्रक्रिया याला अपवाद आहे. येथे पूर्णपणे निरोगी मनुष्याला शस्त्रक्रियेच्या मेजावर घेतले जाते, त्याच्या देहातील एक अवयव काढून दुसऱ्याच्या देहात बसविला जातो आणि दिलेला अवयव दात्याला पुन्हा कधीही मिळत नाही. दात्याच्या शरीराला या शस्त्रक्रियेचा काडीचाही लाभ नसतो. तिला नैतिक अधिष्ठान देणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दात्याची समजून-उमजून दिलेली संमती. ही संमती खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी दात्याचे समुपदेशन व्हावे लागते, त्याची मुलाखत घ्यावी लागते.

मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे आहेत आणि दुकान-पेढीवर दिवसभर बैठे काम करणाऱ्या आपल्या घरांना हे दोन्ही विकार परके राहिलेले नाहीत. त्यामुळे ‘आता किडनी कोण देणार?’ हा प्रश्न आज ना उद्या आपल्या परिचयातील कोणत्या तरी घरात उभा राहतो. अशा वेळी समुपदेशनाकडे पाहण्याची आपली दृष्टी बहुधा व्यापारी असते. परवाने मिळवावे लागतात, सह्या कराव्या लागतात, त्यांतलीच ही एक पायरी. लवकर उरकली म्हणजे झाले. ही दृष्टी बदलावी, असे या लेखात सुचवावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरी डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले. रिचर्ड हेरिक हा रुग्ण होता आणि त्याचा जुळा भाऊ रोनाल्ड हा दाता. एखाद्या निरोगी माणसावर, त्याच्या स्वतःच्या लाभाशिवाय, एवढी मोठी शस्त्रक्रिया करावी काय, हा प्रश्न तेव्हा डॉक्टरांपुढे अगदी नवा होता. म्हणून त्यांनी अन्य वैद्यांशी, कायदेतज्ज्ञांशी आणि निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंशी विचारविनिमय केला. दात्याला सर्व धोके सांगितले. पुढे आयुष्यभर माझ्या प्रकृतीची जबाबदारी रुग्णालय घेईल काय, असे रोनाल्डने विचारले. तसे लेखी वचन कोणी देऊ शकले नाही. पण तुला गरज पडली तर या खोलीतील कोणी तुला पाठ दाखवील असे तुला वाटते काय, असा प्रतिप्रश्न एका डॉक्टराने त्याला केला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री तर मरणाच्या दारात असलेल्या रिचर्डनेच भावाला चिठ्ठी धाडून घरी निघून जाण्यास सांगितले. मी येथेच आहे आणि येथेच राहणार, अशा आशयाचे उत्तर रोनाल्डने पाठविले. रिचर्डला त्या मूत्रपिंडाने आठ वर्षांचे आयुष्य दिले. रोनाल्ड एका मूत्रपिंडावर पुढे ५६ वर्षे जगला आणि २०१० साली वयाच्या ७९व्या वर्षी निवर्तला. डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या हकिकतीत शस्त्रकौशल्याइतकीच त्या चिठ्ठीची थोरवी आहे. ज्याला मूत्रपिंडाची सर्वांत अधिक गरज होती त्यानेच दात्यासाठी दार उघडे ठेवले. दार उघडे असूनही दाता थांबला, म्हणून त्याचे थांबणे हे दान ठरले.

आपल्या देशात १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत झाला. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो अमलात आला, तेव्हा ज्या तीन राज्यांत तो प्रथम लागू झाला त्यांत हिमाचल प्रदेशासह आपला महाराष्ट्र आणि गोवा होते. २०११ साली त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली आणि २०१४ साली नवे नियम आले. पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण यांना कायदा ‘निकटचे नातेवाईक’ मानतो. २०११च्या दुरुस्तीने त्यांत आजी-आजोबा आणि नातवंडांची भर घातली. याबाहेरच्या कोणी, म्हणजे जावई, भाचा, दीर, मित्र यांपैकी कोणी, अवयव देऊ केला तर प्राधिकार समितीची मान्यता लागते. काढलेल्या अवयवाचा संभाव्य परिणाम, गुंतागुंत आणि धोका दाता व रुग्ण या दोघांना समजावून सांगणे हे डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक असावाच लागतो. दात्याची मानसोपचारतज्ज्ञाकडूनही तपासणी होते. अवयवाची खरेदी-विक्री हा तर गंभीर गुन्हा असून त्यास पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपयांपर्यंतचा दंड आहे. ‘पैशाने होत असेल तर पाहा’ असे बोलणाऱ्या हितचिंतकाला घरातल्या वडीलधाऱ्यांनी तेथेच थांबवावे.

२०१४च्या नियमांत एक तरतूद अशी आहे की ती आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवी. दाता स्त्री असेल तर अधिक दक्षता घ्यावी आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती यांची खात्री रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडून करून घ्यावी, असे नियम सांगतो. कायद्याला ही वेगळी काळजी का वाटावी? त्याचे उत्तर आकड्यांत आहे. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांवर झाली आणि अवघी ६,९४५ स्त्रियांवर. दुसरीकडे, जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र मोठी बहुसंख्या स्त्रियांची आहे आणि त्यांतही पत्नी आणि माता आघाडीवर आहेत. स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होत नाहीत असे नव्हे. देण्याची वेळ येते तेव्हा घराची नजर तिच्याकडे वळते आणि घेण्याची वेळ येते तेव्हा ती तितक्या सहजपणे वळत नाही, एवढाच याचा अर्थ.

आता समुपदेशनात नेमके काय सांगितले जाते ते पाहू. निरोगी दात्याचे उरलेले मूत्रपिंड हळूहळू अधिक काम करू लागते आणि एकूण कार्यक्षमता पूर्वीच्या सुमारे दोन-तृतीयांशापर्यंत पोचते. बहुसंख्य दाते पुढे सर्वसाधारण आयुष्य जगतात. ही दिलासा देणारी बाजू झाली, आणि ती खरी आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेतील २०१० सालच्या एका मोठ्या अभ्यासात या शस्त्रक्रियेत दर १०,००० दात्यांमागे सुमारे ३ जणांचा मृत्यू झाल्याचे आढळले होते. आयुष्यभरात दात्याचेच मूत्रपिंड निकामी होण्याचा संभव तेथे दर १०,००० मागे सुमारे ९० आढळला; तितक्याच निरोगी, पण दान न केलेल्या लोकांत तो सुमारे १४ होता. म्हणजे धोका एकंदरीत लहान आहे, पण तो वाढतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील एका अभ्यासात दान केलेल्या स्त्रियांच्या दर शंभर गर्भारपणांपैकी सुमारे ११ मध्ये रक्तदाबाचा विकार झाला. दान न केलेल्या तशाच स्त्रियांत हे प्रमाण ५ होते. ज्या सुनेचे वा लेकीचे मातृत्व अजून पुढे आहे, तिला ही गोष्ट दानानंतर कळणे हा अन्याय आहे.

मधुमेह असलेल्या घरात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. वडिलांचे मूत्रपिंड मधुमेहाने गेले असेल तर पंचवीस वर्षांच्या मुलाचे आजचे सर्व अहवाल निर्दोष असूनही त्याला पुढे चाळिशीत तोच विकार होण्याचा संभव राहतो. तेव्हा त्याच्याजवळ एकच मूत्रपिंड असेल. वयस्क दात्याच्या बाबतीत आयुष्यभराचे चित्र बरेचसे स्पष्ट झालेले असते. तरुणाच्या बाबतीत ते झालेले नसते. शिवाय दात्याने दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन यांची तपासणी करावी, वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड वजन उचलू नये, हेही सांगितले जाते. हा तपासण्यांचा खर्च कोण करणार, विमा कंपनीला काय कळवावे लागेल, घरकामाचा भार कोण उचलणार, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण ज्या घराने त्यांची उत्तरे आधी शोधली नाहीत त्या घरात दात्याची आठवण शस्त्रक्रियेनंतर महिनाभरही टिकत नाही.

रुग्णालयातील समुपदेशकाला सहसा ठाऊक नसलेली एक बाब मात्र आपणच बोलून दाखवली पाहिजे, ती म्हणजे आपले तप. रुग्णाला प्रत्यारोपणानंतर शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. त्यांतील प्रमुख औषध बहुधा दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने, ठरलेल्या वेळी घ्यावयाचे असते. पौष महिन्यात आपल्याकडे सूर्योदय ते सूर्यास्त हा काळ अकरा तासांच्या आसपास असतो. नवकारशी आणि चौविहार दोन्ही पाळायचे तर हाती दहा-साडेदहा तास उरतात. म्हणजे बारा तासांचे अंतर त्यात बसतच नाही. दिवसातून एकदाच घ्यावयाचे त्याच औषधाचे प्रकारही आहेत. ते आपल्याला चालतील काय, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. काही कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. तोही प्रश्न आधीच मांडावा. पच्चक्खाणात आगार असतात आणि रुग्णाच्या समाधीसाठी त्यांचा विचार झालेला आहे. गुरुमहाराजांचे मार्गदर्शन शस्त्रक्रियेपूर्वी घेतले तर नंतर औषध चुकवून अवयव गमावण्याची वेळ येत नाही. दात्यानेही आपण अठ्ठाई, वर्षीतप किंवा चौविहार उपवास करतो काय, पुढे करावयाची इच्छा आहे काय, हे मोकळेपणाने सांगावे. एका मूत्रपिंडाच्या माणसाने निर्जल उपवास करावा की नाही, हे त्याच्या प्रकृतीवर ठरते. ज्या सासूबाईंनी वीस वर्षे चौविहार उपवास केले आहेत, त्यांना मूत्रपिंड दिल्यानंतर ‘आता पाणी सोडू नका’ असे सांगितले जाऊ शकते. त्यांच्या दृष्टीने ते मूत्रपिंड गमावण्याहून मोठे असू शकेल, आणि म्हणून ते त्यांना आधी कळले पाहिजे.

यापुढचा मुद्दा अधिक नाजूक आहे. आपल्या घरांत कोणी कोणाला धमकावून मूत्रपिंड मागत नाही. दबाव येतो तो प्रेमाच्या, कर्तव्याच्या आणि शांततेच्या रूपाने. कल्पना करा, थोरल्या भावाचे मूत्रपिंड निकामी झाले आहे. पेढी तोच सांभाळतो. रक्तगट धाकट्या भावाचा जुळतो. जेवताना कोणी तरी सहज म्हणते, “देवाच्या दयेने घरातच जुळले.” त्या क्षणी धाकट्याला काही विचारलेलेच नसते, पण उत्तर गृहीत धरलेले असते. दुसऱ्या दिवशी मामेसासरी फोन होतात, संघात बातमी जाते, लोक त्याचे अभिनंदन करू लागतात. त्याची पत्नी रात्री खोलीत रडते. तिची मुले लहान आहेत. तिने तोंड उघडले तर ‘जावेला भाऊजींपेक्षा स्वतःचे अधिक’ असे होईल. या कथेत दुष्ट कोणीच नाही. तरी धाकट्याच्या होकाराला संमती म्हणणे कठीण आहे.

आपल्या धर्माने या गुंत्यासाठी शब्द दिलेले आहेत. हिंसा ही केवळ कृत नसते, कारित आणि अनुमोदितही असते. आणि ती केवळ कायेने नव्हे तर मनाने आणि वचनानेही घडते. मुंगीच्या बाबतीत आपण हा विवेक पाळतो. घरातील माणसाला त्याच्या मनाविरुद्ध शस्त्राखाली जावे लागत असेल आणि आपण सर्वजण मान डोलावून त्याचे कौतुक करीत असू, तर ते अनुमोदन कोणत्या खात्यात जमा होईल, याचा हिशेब व्यापारी माणसाने तरी करावा. साधूंच्या दशविध सामाचारीत ‘इच्छाकार’ आहे. दुसऱ्याकडून काही करून घ्यावयाचे असेल तर ‘आपली इच्छा असेल तर’ असे म्हणून विचारावे, सक्ती करू नये, असा त्याचा भाव. पात्र किंवा वस्त्र यांसारख्या लहानशा कामासाठीही जेथे हा विचार केला गेला, तेथे देहाच्या अवयवासाठी तो किती अधिक हवा! दीक्षेसारख्या न फिरणाऱ्या पावलापूर्वीही मुमुक्षूला संतांच्या सान्निध्यात काळ काढावा लागतो, घरच्यांची आज्ञा घ्यावी लागते, त्याच्या वैराग्याची परीक्षा होते. घाईने घेतलेल्या मोठ्या निर्णयाचे कौतुक करणे ही आपली परंपरा नाही.

येथे कोणी म्हणेल, “घरात माणूस मरणाच्या दारी आहे आणि तुम्ही विचारविनिमयाच्या गोष्टी करता?” प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक रुग्णांच्या बाबतीत डायलिसिसमुळे काही काळ हाती राहतो आणि अनेक शहरांत आपल्याच समाजाचे ट्रस्ट ते अल्प दरात चालवितात. डायलिसिस कष्टाचे आहे, योग्य रुग्णासाठी प्रत्यारोपण अधिक हिताचे आहे, हे निर्विवाद. तरी दात्याला पंधरा-वीस दिवस शांतपणे विचार करू देण्याइतका अवधी त्यातून बहुधा मिळतो. शिवाय दुसरे मार्गही आहेत. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत मेंदूमृत दात्यांचे अवयव प्रतीक्षायादीप्रमाणे दिले जातात. घरात दाता शोधत असतानाच तेथे नाव नोंदविण्याविषयी रुग्णालयाला विचारावे. पत्नीचा रक्तगट जुळत नसेल तर तशाच अडचणीतील दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल करण्यास २०११च्या दुरुस्तीने मान्यता दिली आहे. हे सर्व मार्ग दात्यासमोर मांडले गेले, तरच ‘मी नाही दिले तर ते जाणारच’ हे ओझे त्याच्या मनावरून उतरते.

मग कुटुंबाने काय करावे? पहिली गोष्ट, रक्तगट जुळल्याची बातमी घराबाहेर, आणि शक्य तो घरातही, पसरू देऊ नये. चाचणीचा अहवाल प्रथम संभाव्य दात्याच्या हाती पडावा. दुसरी, समुपदेशनाला त्याने एकट्याने जावे. सासरे, दीर वा पती यांनी दारापाशी थांबू नये. आणि सून दाती असेल तर तिच्या माहेरच्यांना तिच्याशी निवांत बोलू द्यावे. तिसरी, निर्णय सांगण्याचे काम दात्यावर टाकू नये. दाता तयार नसेल तर ‘वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढेच घरच्यांना कळवून त्याची अडचण झाकण्याची पद्धत अनेक रुग्णालयांत आहे. इंग्लंडमध्ये दात्याची मुलाखत शस्त्रक्रियेशी संबंध नसलेला स्वतंत्र परीक्षक घेतो आणि अमेरिकेत दात्याच्या बाजूने बोलणारी स्वतंत्र व्यक्ती नेमावी लागते. आपल्या समन्वयकाशीही दात्याने खाजगीत, निःसंकोच बोलावे. होकार दिल्यानंतरही, अगदी शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत, संमती मागे घेण्याचा त्याला अधिकार आहे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि ती रुग्णानेच करावयाची आहे. वर सांगितलेल्या रिचर्डप्रमाणे त्याने दात्याला एकांतात सांगावे की, तू नाही म्हणालास तरी आपल्या नात्यात अंतर पडणार नाही. आजारी माणसाकडून एवढी अपेक्षा करणे कठोर वाटेल. परंतु हे वाक्य घरातील अन्य कोणी उच्चारले तर त्याला तितके वजन येत नाही.

आणि कोणी खरोखरच नाही म्हटले, तर पर्युषणात सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणाऱ्या घराने त्याला पुढची वीस वर्षे टोमण्यांनी जाळू नये. ज्याने होकार दिला त्याचा सत्कार संघ करीलच. ज्याने नकार दिला त्याच्या ताटात त्या रात्रीही पूर्वीइतक्याच मायेने वाढले गेले पाहिजे. ज्या घरात असे घडते, त्या घरातील पुढच्या दात्याच्या होकारावर समितीलाही शंका घेण्याचे कारण उरत नाही.